टाउन्लीचें दालन

श्रीमंत संग्राहकाचें चित्र समोर आलें म्हणजे पाहणारा प्रथम त्यांतील वस्तू मोजूं लागतो. योहान झोफनी या चित्रकारानें १७८१ ते १७८३ या काळांत रंगविलेल्या चार्ल्स टाउन्लीच्या चित्रापुढें तर हा मोह आवरणें कठीण. लंडनमधील एक दालन. पुस्तकांचीं कपाटें, वरून उतरणारा प्रकाश, आणि जिकडे पाहावें तिकडे संगमरवरी देवदेवता, मस्तकें, कोरीव पात्रें. उजवीकडे टाउन्ली बसलेला, पायाशीं त्याचा कुत्रा. मेजापाशीं द'आंकारव्हिल हा पंडित. मागें आणखी दोन मित्र संभाषणांत गुंतलेले.

परंतु हें दालन असें कधींच नव्हतें. वेस्टमिन्स्टरमधील त्या घरांत हीं शिल्पें निरनिराळ्या खोल्यांतून मांडलेलीं होतीं. झोफनीनें तीं कुंचल्यानें उचलून एका ग्रंथागारांत आणलीं. म्हणजे हें चित्र संपत्तीची यादी नसून एका इच्छेचें रूप आहे. टाउन्ली रोमन कॅथॉलिक होता. त्यामुळें कुळ आणि पैसा असूनही त्या काळच्या इंग्लंडांत पार्लमेंटचें दार त्याला बंद होतें. ज्याला राजकारणाची सभा मिळाली नाहीं, त्यानें पाषाणांची सभा भरविली आणि आपण तिच्या एका बाजूस बसला.

या सभेंत मेजावरील स्त्रीमस्तकाचा मान मोठा. 'क्लायटी' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. १७८० सालीं लंडनमध्यें कॅथॉलिकांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हां टाउन्लीनें घर सोडतांना एवढें एकच शिल्प बरोबर घेतलें, अशी आख्यायिका आहे. तिला तो आपली पत्नी म्हणे. तो जन्मभर अविवाहित राहिला. चित्रांतील वैभवामागचें एकटेपण येथें ओळखूं येतें.

डावीकडे पुढें थाळी फेकणारा मल्ल आहे. ही मूर्ति इटलींत सांपडली १७९१ सालीं, म्हणजे चित्र पुरें झाल्यानंतर! मधल्या काळांत झोफनी कलकत्ता व लखनौ येथें चित्रें काढून १७८९ सालीं परतला होता. १७९८ सालीं त्यानें मल्लासाठीं जुन्या चित्रांत जागा केली. मूर्तीची डागडुजी करणाऱ्यानें तिचें मस्तक चुकीच्या दिशेला वळवून बसविलें होतें. चित्रांत ती चूकही निष्ठेनें उतरली आहे.

टाउन्लीच्या संग्रहांत मुंबईजवळच्या घारापुरीहून आणलेला म्हणून ओळखला जाणारा एक कोरीव पाषाणखंडही होता. १७८६ सालीं रिचर्ड पेन नाइट यानें आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केला. मल्लासाठीं चित्रांत पुढची जागा निघाली. त्या खंडासाठीं कोपराही निघाला नाहीं. संग्राहकाच्या प्रेमांतही पंक्तिप्रपंच असतो! शिवाय, चित्रांत बसलेल्या आणि न बसलेल्या, दोन्हीं पाषाणांचें मूळचें ठिकाण मात्र सारखेंच सुटलेलें.

१८०५ सालीं टाउन्ली वारला आणि त्याच वर्षीं त्याचीं संगमरवरी शिल्पें ब्रिटिश म्यूझियमनें २०,००० पौंडांस घेतलीं. चित्र आज बर्न्ली येथें, त्याच्या घराण्याच्या जुन्या वाड्यांत आहे. पाषाण एकदां आपल्या जागेवरून हलला कीं त्याचा प्रवास मालकाच्या दारांतही थांबत नाहीं. जी सभा टाउन्लीला प्रत्यक्षांत कधीं भरवितां आली नाहीं, ती या रंगविलेल्या दालनांत तेवढी अद्याप भरलेली आहे.