तुरीचा बेवड आणि मातीतील जिवाणू

भालकी, औराद, बसवकल्याण अथवा आळंद या सीमाभागातील कोणत्याही जाणत्या शेतकऱ्यास विचारले, तर ज्वारी तुरीच्या वा हरभऱ्याच्या बेवडावर चांगली येते, असेच तो सांगेल. हे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे. त्याचे कारण मात्र शास्त्रास फार उशिरा उमगले. १८८६ साली हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, शेंगवर्गीय पिके मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात. दोनच वर्षांनी बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्या गाठींतील जिवाणू वेगळे काढले.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. परंतु वनस्पतीस तो तसाच घेता येत नाही. भरल्या विहिरीकाठी दोराविना उभे राहावे, तशी तिची अवस्था असते. रायझोबियम जातीचे जिवाणू मुळांत शिरून गाठ निर्माण करतात व नत्राचे पिकास घेता येईल असे रूपांतर करतात. मोबदल्यात पीक त्यांना शर्करा पुरविते. पुढे मुळे व गळलेला पाला कुजला, की त्या नत्राचा काही अंश पुढील पिकास लाभतो. बेवड म्हणतात तो हाच.

कलबुर्गी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत तूर हेच मुख्य धन. येथील तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बीदरकडे तुरीबरोबर मूग, उडीद व सोयाबीन यांचा पेरा असतो. ही शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. पेरणीची संधी वर्षातून एकदाच. म्हणूनच जिवाणू-खताचे पाकीट वाया जाणे परवडणारे नसते.

ते वाया जाते, ते बहुधा अज्ञानामुळे. पाकिटात निर्जीव भुकटी नसून सजीव सृष्टी असते, हे ध्यानी घेतले पाहिजे. उन्हात ठेवलेले वा मुदत संपलेले पाकीट निरुपयोगी होय. पिकागणिक जिवाणूही निराळा असतो: तुरीचा हरभऱ्यास चालत नाही, सोयाबीनचा तुरीस नाही. दहा किलो बियाण्यास साधारणतः २५० ग्रॅम पुरेसे होते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात जिवाणू कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी तिफणीवर घ्यावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. युरियाचा मारा केल्यास मात्र गाठी कमी धरतात. आयते मिळू लागले की पीक जिवाणूंची सोबत टाळते.

जिवाणू हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. मर रोगास रोगप्रतिबंधक वाणच हवा. याच हेतूने १९८६ मध्ये कर्नाटकात ‘मारुती’ हा तुरीचा वाण प्रसृत झाला. पाऊस रुसला, तर जिवाणूही हतबल होतात.

फळ मिळाले की नाही, हे दुकानदारास विचारण्याचे कारण नाही. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादे रोप मातीसकट अलगद उकरावे व गाठ नखाने चिरावी. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामास लागले आहेत. पांढरा दिसला, तर त्यांचा उपयोग होत नाही. वाडवडिलांनी जे पिकाच्या तेजावरून ओळखले, ते आज शेतकऱ्यास नखाएवढ्या जागेत पाहता येते.