पगार थकला, संघ घेतला



वाणिज्य महाविद्यालयात मी आज एका खेळाडूविषयी बोलणार आहे, कारण त्याचा सर्वांत मोठा डाव दिवाळखोरीच्या न्यायालयात रंगला.

मारिओ लेम्यू हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा आइस हॉकीपटू. 1984 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाने त्याला घेतले. 1991 आणि 1992 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने स्टॅन्ली कप हा आइस हॉकीतला मानाचा करंडक जिंकला. 1993 च्या जानेवारीत त्याला हॉजकिन्स हा कर्करोग झाल्याचे कळले. शेवटचा किरणोपचार घेतला त्याच संध्याकाळी तो फिलाडेल्फियात सामना खेळला आणि त्याने गोलही केला! 1997 मध्ये तो निवृत्त झाला.

पुढच्याच वर्षी संघाचे दिवाळे निघाले. लेम्यूचे सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास मानधन थकलेले. मित्रांनो, बिनतारण धनकोच्या वाट्याला अशा वेळी किती येते, हे तुम्ही वर्गात शिकता. वकील लावून मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे आणि मोकळे व्हावे, असेच कोणीही म्हटले असते. लेम्यूने न्यायालयापुढे वेगळी योजना ठेवली. थकबाकीचा मोठा भाग त्याने भागभांडवलात बदलून घेतला, सोबत इतर गुंतवणूकदार जमवले आणि 1999 मध्ये संघाची मालकी हाती घेतली. संघ पिट्सबर्गमध्येच राहिला. संघाकडून ज्यांचे येणे होते, त्यांची देणी योजनेप्रमाणे 2005 पर्यंत फिटली. मला या माणसाविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो इथे.

डिसेंबर 2000 मध्ये हा मालक स्वतः पुन्हा बर्फावर उतरला आणि पहिल्या मिनिटातच एका गोलला त्याचा हात लागला. पण एकट्याच्या खेळाने ताळेबंद सुधारत नाही. 1961 सालचे जुने क्रीडागृह, तोटा, संघ कॅन्सस सिटीला जाणार अशी चर्चा, हे सगळे चालूच होते. 2005 मध्ये सिडनी क्रॉस्बी हा तरुण खेळाडू संघात आला. लेम्यूने त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. 2007 मध्ये सरकारी यंत्रणांशी नव्या क्रीडागृहाचा करार झाला, 2010 मध्ये ते उघडले. 2009, 2016 आणि 2017 असे तीन कप मालक म्हणून त्याच्या काळात आले. 2021 मध्ये संघाची बहुतांश मालकी फेनवे स्पोर्ट्स ग्रुपकडे गेली.

आपल्याकडे गावोगावी तालमी आहेत, कबड्डी मंडळे आहेत. तिथे खेळणारे पुष्कळ मिळतात, पण वर्षअखेरीस जमाखर्च मांडणारा, जागेच्या भाड्याची बोलणी करणारा माणूस मिळत नाही. तुमच्यापैकी काहींनी या सुट्टीत आपापल्या मंडळाच्या हिशेबाच्या वह्या हातात घ्याव्यात, एवढीच माझी विनंती आहे.