पेप्टाइड आणि कर्करोग : एक उपचार आणि एक प्रश्न
(हीरक महोत्सवानिमित्त विजयनगर, म्हैसूर येथे केलेले भाषण)



या शाळेने ६० वर्षे मराठीतून विज्ञान शिकवले. म्हणून कर्करोगावरील एका उपचाराविषयी आज मराठीतूनच बोलतो.

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. शरीरातील सोमॅटोस्टॅटिन हे असेच १४ अमिनो आम्लांचे संप्रेरक. आतडी व स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर बहुधा त्याचे ग्राही विपुल असतात. किल्लीला कुलूप असावे तसे. मूळ संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणून शास्त्रज्ञांनी ८ अमिनो आम्लांची टिकाऊ प्रतिकृती घडवून तिला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडले. पेप्टाइड गाठ शोधते. ल्युटेशियमचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटरच्या परिघात पेशी मारतात. हे ल्युटेशियम मुंबईत ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार झाले आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि हा उपचार सर्व कर्करोगांवर चालत नाही. ग्राही आहेत की नाहीत, हे आधी पेट स्कॅनने पाहतात. नसतील तर औषध व्यर्थ. असले तरी आजार बहुधा आटोक्यात राहतो, समूळ जातोच असे नाही. म्हणून 'पेप्टाइड'च्या नावाने कोणी हमखास गुण सांगू लागले, तर दागिने गहाण टाकण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारा : "आमच्या रुग्णाच्या गाठीवर याचे ग्राही आहेत का?"

प्रश्न विचारण्याची सवय याच वर्गांनी लावली. ती रुग्णालयाच्या दारातही सोडू नये.