कागदाची भिंत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला अमेरिकेतील अनुभवांवर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. नायगाऱ्याचे वर्णन ह्या मंडळात आजवर चार-पाच जणींनी केले आहे. तेव्हा मी आपली एका भिंतीबद्दल बोलणार. हसू नका. त्या भिंतीने माझी झोप उडवली होती.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला गेले. तिला सातवा महिना होता. त्यांनी नुकतेच १९८६ साली बांधलेले घर विकत घेतले होते. बाळाच्या खोलीतल्या भिंतींना फुलाफुलांचा कागद चिकटवलेला होता. तो काढून फिकट पिवळा रंग द्यायचा ठरले. तिकडे मजुरीचे दर ऐकूनच पोट भरते. म्हणून जावईबापूंनी दोन शनिवार-रविवार खपून कागद स्वतःच काढला. तीन भिंती नीट निघाल्या. चौथीवर मात्र कागदाबरोबर भिंतीचेच पापुद्रे सुटून आले, आणि आतला तपकिरी थर उघडा पडला.

तिकडची भिंत कशी असते ते आधी सांगते. विटा नाहीत, गिलावा नाही. लाकडी चौकटीवर अर्धा इंच जाडीचे, सहसा चार फूट रुंद नि आठ फूट लांब असे फळे स्क्रूंनी बसवतात. फळ्याच्या पोटात जिप्सम, म्हणजे ज्याचे प्लॅस्टर ऑफ पॅरिस करतात तो खनिज, आणि दोन्ही अंगांना जाड कागद. ह्याला ड्रायवॉल म्हणतात. शोभेचा कागद लावण्यापूर्वी त्यावर प्रायमरचा हात दिलेला असला, तर तो पुढे सुखाने निघतो. आमच्या चौथ्या भिंतीला कोणा घाईच्या माणसाने तो हात दिलाच नव्हता. खळ थेट फळ्याच्या कागदात मुरली होती.

आता माझा पराक्रम ऐका. मी कोकणातली. लहानपणी आजीच्या हाताखाली मातीच्या भिंती लिंपलेल्या. आजीचा दंडक होता, लिंपण्याआधी भिंत भिजवायची. कोरडी भिंत गिलाव्यातले पाणी पिऊन टाकते आणि गिलावा सुटतो. जावई म्हणाले, "आई, मी जरा वाचून बघतो." मी म्हटले, "ह्यात वाचायचे काय?" त्यांनी जॉइंट कंपाउंड नावाच्या पांढऱ्या लुकणाची बादली आणून ठेवलीच होती. ते कामावर गेल्यावर मी ओल्या स्पंजने भिंत चांगली भिजवली आणि वर जाडसा लेप दिला. संध्याकाळी मोठ्या ऐटीत दोघांना दाखवला.

सकाळी पाहते तो भाजलेल्या पापडासारखे भिंतीभर फोड! तपकिरी कागदाने पाणी पिऊन तो फुगला होता, आणि लेपासकट फळ्यापासून सुटला होता. लेक दारात उभी राहिली. बोलली काहीच नाही. जावईही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. पाळण्याचे खोके खाली दिवाणखान्यात येऊन पडले होते आणि दिवस भरत आले होते.

मग मी जावयांबरोबर रंगाच्या दुकानात गेले. तिथे माझ्याच वयाची एक बाई होती. मी फोडांचे चित्र काढून दाखवले, तशी ती हसली आणि तिने हातवारे करून सारे समजावले. वाळल्यावर फोड धारदार सुरीने कापून काढायचे. कागद ओढायचा नाही, नाहीतर फाटत पुढे जातो. घट्ट चिकटलेल्या कडेपर्यंत कापून थांबायचे. मग उघड्या तपकिरी कागदावर पाण्याचे काहीही लावण्याआधी लाखेचे प्रायमर द्यायचे. लाख तीच, आपल्या बांगड्यांची. ती स्पिरिटमध्ये विरघळवतात, म्हणून कागद फुगत नाही आणि पुढे पाणी आत शिरत नाही. वास मात्र फार उग्र. लेकीला दोन दिवस मैत्रिणीकडे पाठवून आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या.

ते वाळल्यावर उभे राहिलेले कागदाचे तंतू पॉलिशपेपरने हलकेच घासले आणि मग लुकण लावले. रुंद पात्याने, पातळ, अगदी घावनासारखे. जाड लावले की वाळताना आक्रसते आणि तडे जातात. एक दिवस वाळवायचे, पुन्हा लावायचे; असे तीन हात झाले. घासताना पिठासारखी धूळ उडते, तोंडाला मास्क हवाच. शेवटच्या हाताला मी ओल्या स्पंजनेच गुळगुळीत केले, म्हणजे धूळ नाही. (आता पाणी चालते बरे का, आतला कागद लाखेने बंद झालेला असतो!) अंधार करून टॉर्च भिंतीला टेकवून धरला की उंचवट्यांच्या सावल्या पडतात. रात्री दहा वाजता सासू-जावई टॉर्च घेऊन भिंत चाचपताहेत, हे दृश्य लेकीने फोटोत धरून ठेवले आहे. नंतर साधे प्रायमर आणि रंगाचे दोन हात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिकडे घर १९७८ च्या आधीचे असेल तर जुन्या रंगात शिसे असू शकते. तपासल्यावाचून घासू नये, घरात गरोदर बाई असताना तर नाहीच. जिप्समच्या फळ्यांची पार्टिशने आता आपल्याकडेही होऊ लागली आहेत. त्यांवरचा कागद काढाल तर माझे फोड आठवा. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला मात्र आजीचाच नियम: भिंत आधी भिजवा.

नात झाली, सुखरूप. मागच्या महिन्यात ती त्याच भिंतीला धरून पहिल्यांदा उभी राहिली. लेकीने व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटले, "फोन जरा जवळ ने ग." तिला वाटले, मला नातीचे तोंड बघायचे आहे. मी खिडकीजवळचा कोपरा बघत होते. तिथे थोडी लाट राहिली आहे. फोड नाही.