विकला जाणारा खेळाडू आणि त्याची संमती



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या या पट्ट्यात बंद कारखान्यांचा आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न समोर असताना समाजवाद्यांनी कोट्यधीश क्रिकेटपटूंच्या करारांची चिंता का वाहावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अयोग्य ठरणार नाही. त्याचे उत्तर असे की, मजुरीचा आकडा फुगला म्हणून मालक आणि श्रमिक यांच्यातील संबंध बदलत नाही. उलट, ज्याच्या घामाला सर्वाधिक भाव मिळतो त्यालाही आपण कोठे काम करावे हे ठरवता येत नसेल, तर ज्याला भाव नाही त्याची स्थिती काय असेल, याचा अंदाज येतो.

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत इंडियन प्रीमियर लीगसाठी खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. लिलाव हा शब्द मराठी माणसाने तोवर जप्तीची भांडी, गहाण जमीन आणि बाजारातली गुरे यांच्यासाठी वापरला होता. तो माणसांना लावला गेला आणि कोणाला फारसे खटकले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंत यांच्यावर २७ कोटी रुपयांची बोली लागली, तेव्हा तर टाळ्याच वाजल्या.

या बाजाराचे नियम याच परिसरातील दोन खेळाडूंच्या वाटचालीतून नीट समजतात. कल्याणचे वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे यांना २०२२ च्या लिलावात चेन्नईच्या संघाने २० लाख रुपयांना घेतले. २०२३ मध्ये त्यांनी २१ बळी मिळवले आणि चेन्नईने अजिंक्यपद जिंकले. कामगिरी वाढली, पण करारातील किंमत पुढच्या मोठ्या लिलावापर्यंत गोठलेली राहिली. मधल्या काळात दुसऱ्या संघाकडे जाऊन जास्त मोबदला मागण्याची मुभा खेळाडूला नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजार पुन्हा खुला झाला आणि राजस्थानच्या संघाने त्याच गोलंदाजासाठी साडेसहा कोटी रुपये मोजले. किंमत बत्तीसपटीहून अधिक झाली. दोन आकड्यांतील अंतर कोणाच्या पदरात पडत होते, हे अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसालाही कळेल.

दुसरे उदाहरण डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणे यांचे. २०१८ मध्ये राजस्थानने त्यांना चार कोटी रुपयांना आपल्याकडे राखले आणि कर्णधार केले. एप्रिल २०१९ मध्ये ऐन हंगामात कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथ यांच्याकडे देण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया यांच्या बदल्यात रहाणे दिल्लीला गेले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका जिंकली. त्यानंतरच्या २०२२ च्या लिलावात त्यांची किंमत एक कोटी ठरली आणि २०२३ साठी पन्नास लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या फेरीत त्यांना कोणीच घेतले नाही; नंतर कोलकात्याने दीड कोटीत घेतले आणि पुढे संघाचे कर्णधारपदही दिले. बाजार श्रमाचे मोल करतो असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा ओळीने मांडून पाहावेत.

संघांमधील अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती लागते, असे नियम सांगतात. हे खरे आहे. परंतु नकार देण्याची ताकद नसेल तर संमतीला अर्थ उरत नाही. २०१० मध्ये रवींद्र जडेजा यांनी राजस्थानच्या नव्या करारावर सही न करता मुंबईच्या संघाशी थेट बोलणी केल्याचा ठपका आला, तेव्हा त्यांना एक वर्ष लीगबाहेर बसावे लागले. म्हणजे मालकाने खेळाडूबद्दल दुसऱ्या मालकाशी बोलणे हा व्यवहार, आणि खेळाडूने स्वतःबद्दल बोलणे हा गुन्हा! नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच जडेजा संजू सॅमसन यांच्या बदल्यात चेन्नईहून पुन्हा राजस्थानला गेले. या वेळी व्यवहार दोन संघांनी ठरवला होता. त्यामुळे तो नियमात बसला.

अमेरिकेत चित्र वेगळे दिसते. तेथील फुटबॉलमध्ये डाव रचणाऱ्या प्रमुख खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. १९८३ मध्ये जॉन एल्वे याने बाल्टिमोरसाठी खेळण्यास नकार दिला आणि संघाला त्याला डेन्व्हरकडे सोपवावे लागले. २००४ मध्ये एली मॅनिंगने सान डिएगोला नकार दिला आणि तो न्यूयॉर्ककडे गेला. प्रशिक्षक आणि मालक यांच्याशी असे खटके तेथे वारंवार उडतात. वृत्तपत्रे त्याला ताऱ्यांचे नखरे म्हणतात. परंतु एकटा तारा स्वतःपुरता मार्ग काढतो, सर्वांसाठी नियम बदलत नाही. नियम बदलतात ते संघटनेमुळे.

१९६९ मध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूला सेंट लुईसच्या संघाने न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. भरपूर पगार मिळाला तरी गुलामी ती गुलामीच, अशी भूमिका घेऊन तो न्यायालयात गेला. खेळाडूंची युनियन त्याच्यामागे उभी राहिली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. पण १९७५ मध्ये युनियनने लवादापुढे तीच लढाई जिंकली. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या युनियनने संपाचा इशारा दिल्यावर १९६१ मध्ये वेतनाची कमाल मर्यादा गेली, आणि १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात खेळाडूला बांधून ठेवणारी पद्धत बेकायदा ठरली. अमेरिकी फुटबॉलमध्येही १९८७ चा संप आणि त्यानंतरची न्यायालयीन लढाई यांतून १९९३ मध्ये संघ निवडण्याचे स्वातंत्र्य आले.

सामुदायिक सौद्याचे फळ हिशेबातही दिसते. २०२० च्या करारानुसार अमेरिकी फुटबॉलपटूंच्या वाट्याला लीगच्या उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के हिस्सा येतो. आपल्याकडे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटींना विकले गेले. २०२५ मध्ये प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाची कमाल मर्यादा सामन्याच्या मानधनासह १४६ कोटी होती. दहा संघांचे मिळून १,४६० कोटी. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तुलना केली तरी हा हिस्सा पंधरा टक्क्यांच्या आसपास राहतो. पंत यांच्या २७ कोटींच्या झगमगाटात हे प्रमाण झाकले जाते.

२०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. जो आज मैदानावर घाम गाळतो, त्याच्या वतीने करार करणारी युनियन नाही. लिलावात ज्यांच्यावर बोलीच लागत नाही अशा शेकडो खेळाडूंना तिची गरज सर्वांत अधिक आहे. किट खांद्यावर टाकून पहाटेची लोकल पकडणारी डोंबिवली-कल्याणची मुले उद्या याच बाजारात उभी राहणार आहेत.

म्हणून मागणी साधी असावी: खेळणाऱ्यांच्या युनियनला मान्यता, दुसऱ्या संघाशी बोलण्याचा हक्क, कामगिरीप्रमाणे कराराची फेरतपासणी, आणि उत्पन्नात ठरावीक वाटा. एका आस्थापनातून दुसऱ्या आस्थापनात ढकलल्या जाणाऱ्या कंत्राटी कामगाराची मागणीही याहून वेगळी नाही. दोघांनाही सहीसाठी तयार कागद पुढे केला जातो. तो एकट्याने वाचला की सही करावीच लागते; सर्वांनी मिळून वाचला, तरच त्यातील कलमे बदलता येतात.