हसा, पण उठून जाऊ नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले, की आपण झडत्या म्हणतो. सावकार, व्यापारी, पुढारी, सरकार, कोणी सुटत नाही. ज्याच्या दारात वर्षभर मान खाली घालून उभं राहायचं, त्याला त्या दिवशी भर गावात सुनवायचं. त्यानं कर्ज एका पैशानं कमी होत नाही, पण ते एकट्याचं राहत नाही. हसणारा प्रत्येक जण कबूल करतो, की माझ्याही घरी हेच आहे.

गाडगेबाबांचं हत्यार हेच. कीर्तनात प्रश्न विचारून ते लोकांना हसवायचे आणि त्या हसण्यातच कर्ज काढून केलेल्या लग्नाचा, नवसाच्या बकऱ्याचा हिशोब मांडायचे. नुसता उपदेश माणूस ऐकत नाही. स्वतःवर हसला, की ऐकतो.

पण विनोद भीती झाकायलाही वापरतात. "या औषधानं अळी मरत नाही, मी काय मरतो!" असं म्हणत उघड्या अंगानं फवारणारे आपणच. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषध तोंडावर येत होतं. हे विष कातडीतूनही आत जातं. डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ, लाळ, घाम सुरू झाला, की पंप खाली ठेवा, कपडे काढून साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. थट्टा नंतर करा.

आता शेवटचं. पारावर कोणी म्हणतो, "कापूस गेला, ज्वारी काळी पडली, आता माझ्या तेरवीलाच या जेवायला." आपण हसतो आणि उठून घरी जातो. जे सरळ बोलता येत नव्हतं, ते कदाचित त्यानं थट्टेत बोलून टाकलेलं असतं. हसा, पण उठून जाऊ नका. बाजूला घेऊन विचारा, "गंमत सोड, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. "हो" म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा, औषधाचे डबे त्या घरातून हलवा, दवाखान्यात सोबत जा.

यंदाच्या पोळ्याला झडत्या जोरात होऊ द्या. कोण हसला नाही, तेही बघून ठेवा.