आजार सांगून येत नाही



घरात लग्न निघालं म्हणजे आपण काय करतो? वर्षभर आधी हिशेब मांडतो. तांदूळ किती, कापड किती, वाजंत्री कोण, सारं कागदावर उतरतं. बी-बियाण्याचंही तसंच. मृगाच्या आधी पैशाची तजवीज झालेली असते. पण आजारपणाचा हिशेब मात्र कोणी आधी मांडत नाही. तो विषय काढला तरी घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, "अभद्र बोलू नये." नाही बोललं म्हणून आजार काही वाट चुकत नाही. तेव्हा आज आपण थोडं अभद्र बोलू या.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. २०१६ साली, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आबा म्हणतो, छातीत कळ येऊन खळ्यावरच बसले. आम्ही जीप काढली आणि तालुक्याच्या गावी जे पहिलं मोठं इस्पितळ दिसलं, तिथं नेलं. जीव वाचला, हे खरं. बिल झालं १ लाख ८० हजार. बैलजोडी ८० हजारांना गेली आणि उरलेले १ लाख शेकडा तीन व्याजाने काढले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ हजार. ते कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. तेवढ्यात नुसतं व्याजच १ लाख ८ हजार झालं, म्हणजे मुद्दलाहून जास्त! आजार आठवड्यात बरा झाला, बिलाचं दुखणं तीन वर्षं चाललं.

आता ह्यातली खरी बोचणी ऐका. आबांच्या ट्रंकेत केशरी शिधापत्रिका होती. त्या काळी चालू असलेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत केशरी पत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होत असत, आणि हृदयाचा तो उपचार त्या यादीत होता. आम्ही नेलं ते इस्पितळ योजनेत नव्हतं. योजनेतलं इस्पितळ जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. आणि हे मला, गावातल्या मास्तरला, माहीत नव्हतं. गावचे निम्मे अर्ज माझ्या हातून लिहून गेले, पण हा एक कागद मी कधी वाचला नव्हता. म्हणूनच आज हे बोलायला बसलो आहे.

मंडळी, पहिली गोष्ट सरकारी दवाखान्याची. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत झाले आहेत. केसपेपरचे पैसेही द्यावे लागत नाहीत. तुम्ही म्हणाल, तिथं रांग असते. असते, खोटं कशाला बोलू? पण ताप, खोकला, बाळंतपण, लहान मुलांच्या लसी, कुत्रं चावलं, साप चावला, ह्यासाठी पहिली पायरी तीच. रांगेत गेलेला एक तास कर्जाच्या तीन वर्षांपेक्षा खचित स्वस्त.

दुसरी गोष्ट योजनेची. त्या जुन्या योजनेचं नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. आता दोन्ही एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. पिवळी, केशरी आणि पांढरीही शिधापत्रिका त्यात आली. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरापासून ७० वर्षं पुरी झालेल्या कोणाही वृद्धाला, उत्पन्न कितीही असो, आधार कार्डावर आयुष्मान कार्ड काढता येतं. घरात आजी-आजोबा असतील तर ह्याच आठवड्यात त्यांचं कार्ड काढून घ्या.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही सोय योजनेत सामील झालेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयांतच मिळते. दुसरी, ती ठरावीक उपचारांनाच आहे, आणि बहुतेक अशा दुखण्यांना की ज्यांसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. आत गेल्यावर आधी त्याला गाठा, शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवा. १५५३८८ ह्या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. पत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, सुनेचं किंवा नातवाचं नाव पत्रिकेत चढवायचं राहिलं असेल, तर ते आज दुरुस्त करा. माणूस खाटेवर असताना तहसील कचेरीच्या खेपा कोण घालणार?

आणि हो, जिवावर बेतलं असेल तेव्हा यादी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते, आणि जवळच्या दवाखान्यात चला. यादी पाहायची ती आज, सगळे धडधाकट असताना.

तिसरी सोय फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्रात पुष्कळ मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय विश्वस्त संस्थांची आहेत. कायद्याने आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावं. भीक मागतो आहोत असं वाटून घेऊ नये. तो आपला हक्क आहे.

आता पैसे भरून घेतलेल्या विम्याकडे वळू. शिक्षक, दुकानदार, बागायतदार ह्यांच्यापैकी पुष्कळजण तो घेतात. इथंही माझी स्वतःचीच चूक सांगतो. विमा घेताना मला रक्तदाब होता. एजंट म्हणाला, "गुरुजी, ते लिहू नका, उगाच हप्ता वाढेल." मी लिहिलं नाही. तिसऱ्या वर्षी दाखल व्हायची पाळी आली आणि कंपनीने पैसे नाकारले. मी आधी पुष्कळ रागावलो. मग अर्जाची नक्कल पाहिली. खाली सही माझी होती. तेव्हा अर्ज स्वतः भरा, असेल तो आजार लिहा. नियम असा आहे की आधीपासूनच्या आजारासाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागतं. खरं लिहून तीन वर्षं थांबलेलं बरं, की लपवून सगळेच पैसे पाण्यात घातलेले बरे?

पॉलिसी हाती आली की ट्रंकेत टाकू नका. पसंत नसेल तर ३० दिवसांत परत करता येते, म्हणून त्या ३० दिवसांत ती वाचा. मोतीबिंदू, हर्निया अशा दुखण्यांना किती वर्षं थांबायचं, ते पाहा. खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहा. समजा, मर्यादा रोजची ५ हजार आहे आणि तुम्ही १० हजारांची खोली घेतली. पुष्कळ पॉलिसींत मग नुसतं भाडंच कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्च ह्यांतूनही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होते. ज्यांना अटींचं जंजाळ नको त्यांच्यासाठी २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी आहे. तिच्या अटी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असतात. तिच्यात बिलातला ५ टक्के वाटा मात्र आपण सोसायचा.

हप्ता जड होतो, ही तक्रार खरी आहे. वय वाढतं तसा तो वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा भार हलका झाला. तरीही जड वाटला तर पॉलिसी बंद पडू देऊ नका, कारण थांबलेली वर्षं वाया जातात. दुसऱ्या कंपनीकडे ती वर्षं धरून जाता येतं. मात्र मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी अर्ज करावा. आणि कंपनीने विनाकारण पैसे अडवले तर आधी कंपनीला लेखी कळवा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईला आणि पुण्यालाही त्यांचं कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी पडत नाही.

विमा असो की योजना, दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक आपल्याच खिशातून जातो. तिथं डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "साहेब, ह्याच औषधाचं जनौषधीतलं नाव लिहून द्याल का?" जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. मात्र बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची, साखरेची गोळी आपल्या मनाने सोडू नका. त्या गोळीत वाचवलेले पैसे पुढे इस्पितळात भरावे लागतात.

आणि शेवटी घरचा डबा. रोज २० रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे ७,३०० होतात. ते पोस्टात वेगळ्या खात्यावर ठेवा. सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी, हे ना योजना देते ना विमा. ते ह्या डब्यातून निघेल.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो, त्याच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातल्या अंगीकृत रुग्णालयांची नावं आणि हे दोन फोन क्रमांक लिहा. वरच्या वर्गातल्या मुलांना एक गृहपाठ द्या: घरची शिधापत्रिका आणि आधार कार्डं काढून नावं ताडून पाहायची. आमच्या शाळेत मी तो दिला, तेव्हा एकाच वर्गातल्या अकरा घरांतली नावं जुळेनात. त्या अकरांत एक घर आबांचं होतं. त्यांच्या नातवानेच ती चूक शोधून काढली, आणि पुढच्या सोमवारी आबा स्वतः तहसील कचेरीत जाऊन बसले.

तुम्हीही आज रात्री जेवणं झाली की ती ट्रंक उघडा.